ज्युनियर म्हणजे मुलगा नव्हे

अधिवेशनाच्या अध्यक्षा आणि आपल्या राज्याध्यक्षा माननीय डोरोथियाबाई क्लिंगमन, प्रमुख पाहुण्या निवृत्त कर्नल इमोजीन टेट, व्यासपीठावरच्या माजी राज्याध्यक्षा, नेब्रास्काभरातून आलेल्या क्रांतिवारस भगिनी मंडळाच्या सदस्य भगिनींनो, आणि दाराजवळ बायकांचे कोट सांभाळत बसलेल्या सोशिक यजमानांनो,

आणि तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी, निळ्या स्वेटरमध्ये बसलेल्या आर्डिथबाई वाव्रा. त्यांचं नाव मी मुद्दाम वेगळं घेते. ‘भगिनींनो’ म्हटलं तर नियमानं त्या त्यात येत नाहीत, आणि ‘पाहुण्या’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरं तर हा निरोप दोन वर्षांपूर्वीच व्हायचा होता. एकतीस वर्षं ज्या बाईनं राज्याची वंशनोंदणी सांभाळली, तिला निरोप द्यायला इतका उशीर का? मंडळानं दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, “सदस्य नसलेल्या बाईला कसला निरोप देता?” यंदा नात गाडीत घालून घेऊन आली म्हणून योग आला. त्यातही इथल्या, कार्नी गावातल्या हॉटेलवाल्यांनी नदीवरचे क्रौंच बघायला आलेल्यांना आधी खोल्या दिल्या नि आपल्याला हायवेच्या पलीकडे धाडलं. असो. पक्ष्यांची वंशावळ आपल्यापेक्षा जुनी, त्यांचा मान पहिला!

माझी नि आर्डिथबाईंची ओळख भांडणातून झाली. माझा मूळपुरुष अमेरिकेच्या क्रांतियुद्धात लढला, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याची वारस म्हणून मी ऐटीत सदस्यत्वाचा अर्ज भरला. परत आला. समासात निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं, “कशावरून?” पुन्हा पाठवला. पुन्हा निळी पेन्सिल. चौथ्यांदा मात्र मी तणतणत त्यांच्या घरी गेले. म्हटलं, “बाई, माझी आजी खोटं बोलत होती का?”

त्या म्हणाल्या, “आजी खोटं बोलत नाहीत गं. आजी ऐकलेलं सांगतात. बस, दालचिनीचा रोल खा, नि तुझ्या अर्जातला तो ज्युनियर कोण ते सांग.”

“ज्युनियर म्हणजे मुलगा. सीनियरचा.”

“झालं! इथंच सगळ्या घसरतात.”

त्या दिवशी मला पहिला धडा मिळाला. त्या काळी एका गावात एकाच नावाचे दोघं असले, की थोरल्याला सीनियर म्हणायचे, धाकट्याला ज्युनियर. बापलेक असायलाच हवं असं काही नाही. पुतण्या असेल, नाहीतर रस्त्यापलीकडचा कुणीतरी असेल, रक्ताचा काही संबंध नसलेला. आर्डिथबाईंनी हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलंय. माझा ज्युनियर शेवटी सीनियरचा मुलगाच निघाला, पण त्यासाठी मला आठ महिने कागद धुंडाळावे लागले. मग त्यांनी मला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. भांडखोर बायका कागद नीट वाचतात, असं त्यांचं मत होतं.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगते. आर्डिथबाईंची नात ब्रिन अठरा वर्षांची झाली. तिनं अर्ज केला. आईच्या, आजीच्या, पणजीच्या ओळीवरून. मूळपुरुष कनेक्टिकटचे कॅप्टन असाहेल फ्रिस्बी, आणि ओळ त्यांच्या मुलाची, असाहेल ज्युनियरची. अधिवेशनात मदतनीस मुली घालतात तो पांढरा पोशाखसुद्धा शिवून तयार होता. मी म्हटलं, “घरचाच अर्ज आहे, मी तपासते.” त्या म्हणाल्या, “तू तपास. मी बघते.”

आणि मी कॅप्टनसाहेबांचं मृत्युपत्र उघडलं. जुन्या काळी ते कुणी पाहिलं नव्हतं. आर्डिथबाईंच्या आईचा अर्ज मंजूर झाला, तेव्हा ‘ज्युनियर’ एवढ्या शब्दावर भागत होतं.

“मोठ्यानं वाच,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. माझ्या लाडक्या मुली... आणि सात नावं. सात मुली.

“पुन्हा वाच.”

पुन्हा वाचलं.

“मुलगा राहिला का गं एखादा?”

“नाही बाई. ‘मला पुत्र नाही’ असंच लिहिलंय.”

ज्याच्या ओळीवर त्यांची आई, त्या स्वतः आणि त्यांची लेक सदस्य झाली, तो ज्युनियर कॅप्टनचा मुलगा नव्हताच! एकतीस वर्षं आपल्याला जो धडा दिला, तो त्यांच्याच घरात कुणी गिरवला नव्हता. मी घाबरले. म्हटलं, “आर्डिथबाई, हे तुम्ही आणि मी, दोघींनीच पाहिलंय.”

त्या म्हणाल्या, “दोघींनी पाहिलंय ना? झालं तर.”

आणि निळी पेन्सिल उचलून नातीच्या अर्जावर लिहिलं, “नामंजूर.”  

भगिनींनो, आपला नियम असा, की अशी चूक सापडली तर नव्यांना दार बंद होतं, जुन्यांना कुणी उठवत नाही. त्यांना राहता आलं असतं. मी हात जोडले. तर म्हणतात, “ज्या दारातून नातीला परत पाठवलं, त्या दारात मी खुर्ची टाकून बसू?” आणि छातीवरची सदस्यत्वाची फीत काढली, एकतीस वर्षांच्या पिनांसकट, नि डबीत घालून माझ्या हातात दिली. ब्रिन वर्षभर आजीशी बोलली नाही. अठराव्या वर्षी कुणाला कळतं हो हे? मला पन्नाशीत कळायला वेळ लागला.

आज सकाळी आपण प्रथेप्रमाणे एकेक करून उभ्या राहिलो नि आपापल्या मूळपुरुषाचं नाव घेतलं. आर्डिथबाई बसून होत्या. पर्सवर दोन्ही हात. माझं नाव घेऊन झालं आणि माझ्या मनात आलं, हे नाव मला कुणामुळे घेता येतंय? या सभागृहातल्या किती जणींना? 

आता त्या डबीविषयी. ती इथं टेबलावर आहे आणि ती इथं का आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण आपल्यात गुपित दुपारच्या कॉफीपर्यंतही टिकत नाही. जानेवारीत आर्डिथबाईंनी नवा अर्ज केला. या खेपेला मूळस्त्री आहे. थँकफुल पेटीबोन, सैनिकांसाठी सदरे शिवणारी, नि तीही युद्धसेवाच. गावाच्या दप्तरात तिची नोंद आहे. अर्ज माझ्याकडे, कारण वंशनोंदणीची खुर्ची आता माझी. डोरोथियाबाई प्रेमानं म्हणाल्या, “जोलीन, निरोपाच्या दिवशीच फीत परत लावू. तेवढा अर्ज हातावेगळा कर.”

डोरोथियाबाई, माफ करा. ती डबी आज उघडायची नाही. अर्ज मी परवा परत पाठवला.

थांबा, कुजबुज नको. ऐका तरी.

थँकफुलच्या मुलीच्या लग्नाचा कागद नाही. नाव जुळतं, गाव जुळतं, पण आर्डिथबाईंच्या ओळीतली ती हीच मुलगी, हे कुठंही लिहिलेलं नाही. मी दोन रात्री झोपले नाही. मग निळी पेन्सिल घेतली नि समासात लिहिलं, “कशावरून?” आणि फोन केला. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला हे कसं सांगायचं? रडतच सांगितलं.

 पलीकडून आवाज आला, “धरलंस गं! मी तीनदा बघून सोडून दिलं होतं. माणूस आपलं ते बघतच नाही.” आणि मग म्हणाल्या, “आता मी खुशाल निरोप घेते. येते शनिवारी.”

म्हणून त्या आज आल्यात. निळा स्वेटर घालून, फितीशिवाय. आणि सोमवारी ब्रिन आजीला गाडीत घालून कनेक्टिकटला निघतेय, दीड हजार मैल, चर्चच्या जुन्या वह्या बघायला. कागद सापडेल की नाही, देव जाणे.

जेवण थंड होतंय, आणि हॉटेलातलं चिकन थंड झालं की काय होतं ते आपण जाणतो. तेव्हा आवरते. मंडळानं बोलायला उभं केलं, आभारी आहे. थँकफुलबाईंचीही, त्यांच्या नावातच आभार आहेत. माझ्या बोलण्यात चुका झाल्या असतील, तर पोटात घालू नका. आर्डिथबाई, खूण करा नि परत पाठवा, दुरुस्त करून आणीन.

आणि डबी माझ्याजवळ आहे. कागद घेऊन या.