पंच म्हणजे पाच

सन्माननीय अध्यक्ष सरपंचसाहेब, व्यासपीठावरील वन खात्याचे अधिकारी, ज्यांना आज निरोप द्यायचा त्या वनरक्षक स्नेहलताई, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार. शाल मुरबाडच्या बाजारातून तीनशेला आली, नारळ देवीपुढचा म्हणून फुकट. वनसमितीचा हिशोब माझ्याकडे असल्यामुळे हे आधी सांगून मोकळी होते.

मला एक कोडं कायम पडतं. देवीच्या राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही. बांधापलीकडच्या सरकारी रानात मात्र कुऱ्हाड चालते. माणसं तीच, मग देवीचा कायदा पाळतात आणि सरकारचा का नाही? ताईंना विचारलं, तर त्या हसल्या. "काकी, राईत अख्खं गाव पंच असतं. मला सहीला दोघंसुद्धा मिळत नाहीत."

का मिळत नव्हते, तेही गमतीचंच. चोरतोडीचा पंचनामा करायला ताई दोन पंच मागायच्या. आमचे म्हातारे म्हणायचे, "पंच म्हंजे पाच. दोघांचं काय खरं? पाच जमू दे, मंग बघू." पाच जमेपर्यंत लाकूड टेम्पोत. ही अडचण खरी होती की सोयीची, हे मला अजून उमगलेलं नाही.

यंदा होळीआधी ताईंनी ओले साग तोडताना एकाला जागेवर धरलं. तो माझा सख्खा दीर, देवराम. पुरुष मंडळी पुन्हा पाचावर अडली. तेव्हा वाडीवरची मंगळी पुढं झाली. "पाचच पायजेत ना? मंग बाया मोजत नाय का तुमी?" ती, तिच्या दोघी जावा आणि शेजारची रत्ना, अशा चौघी उभ्या राहिल्या. मंगळी माझ्याकडे वळली. "काकी, पाचवी तुमी, का आमी परत जावं?"

देवराम म्हणाला, "वयनी, घरचं मानूस हाय मी."

"म्हणून तर भावजी, सही नीट अक्षरात करते," मी म्हटलं. देवीचं नाव घेतलं आणि केली.

भावजी आज आलेत, मागे खांबाजवळ बसलेत. माझ्याशी बोलत नाहीत. गावात म्हणतात, ताई गेल्या की खटला बारगळला. तसं झालं तर आमच्या घरातला अबोलाही वाया गेला म्हणायचा, आणि मला काही वाया गेलेलं चालत नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि ताई, नव्या जागी रुजू झालात की कोर्टाच्या तारखेला येणार की नाही, ते दोन ओळींत उलट टपालाने कळवा. फोन नको. भावजींपुढे ठेवायला कागद हवा.