गाडी उत्तम चालली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय प्रतापराव, प्रमुख पाहुण्या सुजाताताई, मंचावरचे कार्यकारिणीचे सभासद, हैदराबादच्या आपल्या संगम वाचनालयाचे जुनेनवे वाचक, आबिड्सपासून दिलसुखनगरपर्यंतच्या लांबलांबच्या घरांतून वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी या मंचावर मधली खुर्ची मांडली आहे, पण जे समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, ते आमचे एकनाथराव बिरादार आणि सौ. गंगूबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे वेळेचा मी पक्का आहे असा माझाच समज आहे. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंच आहे. तरी आज दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्यावं.

माझ्या आधी तिघे बोलले. तिघांनीही एका गोष्टीचं फार सुंदर वर्णन केलं. आजचे सत्कारमूर्ती मंचावर न बसता तुमच्यात बसले, केवढी ही विनम्रता! सुजाताताई तर म्हणाल्या, असा साधेपणा आता पाहायला मिळत नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात.

पण मंडळी, ही विनम्रता नाही. एकनाथराव विनम्र आहेतच, तो भाग वेगळा. या मंचाला सहा पायऱ्या आहेत आणि एकनाथरावांना सहा पायऱ्या चढता येत नाहीत. संध्याकाळी मी दारात उभा होतो. ते आले, पायऱ्यांकडे पाहिलं, गंगूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, इथंच बसतो की. वारा बी येतो." पंखा मंचावर आहे, तिथे नाही.

त्या पायऱ्या त्यांना का चढता येत नाहीत, हे या सभागृहात तीन माणसांना ठाऊक आहे. ते स्वतः, गंगूबाई आणि मी.

तुमच्यातले बरेच जण नवे आहेत. गेल्या तीन-चार वर्षांत पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेले. म्हणून थोडं मागचं सांगतो. आपलं वाचनालय कपाटांत कमी आणि सायकलवर जास्त आहे. एकनाथराव बावीस वर्षं सायकलच्या कॅरिअरवर पत्र्याची पेटी बांधून घरोघर पुस्तकं पोचवत आले. हे भालकीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. नोकरीला लागले शिपाई म्हणून, पण कोणत्या घरी कोणतं पुस्तक न्यायचं हे त्यांना ग्रंथपालांपेक्षा जास्त कळायचं. ज्या घरातल्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, तिथे ते दारातच पाच मिनिटं उभं राहून गोष्टीची सुरुवात सांगायचे आणि नेमकी मजा येईल तिथे थांबायचे. "आता पुढचं वाच. मी सांगायचा नाय." पोरं हिज्जे लावत लावत वाचायची. तुमच्यातल्या काहींची मुलं अशीच वाचायला लागली. खोटं असेल तर सांगा!

मग एक्क्याण्णव साल उजाडलं. बाजार खुला झाला, घरोघर केबल आली, आणि आमच्या आबिड्स-नामपल्लीच्या फेरीतली घरं एकेक करून म्हणू लागली की आता वाचायला वेळ होत नाही. वाचनालय बंद करायचं का, असा विषय कार्यकारिणीच्या टेबलावर आला. नवे मराठी लोक राहायला येत होते दिलसुखनगरला. तिथे जायचं म्हणजे आठ किलोमीटर जाणं, आठ किलोमीटर येणं, आणि पेटीत साठ पुस्तकं. माणूस तोच, सायकल तीच. कसं जमायचं?

इथे तुमच्यासमोर उभा असलेला हा प्रमोद लिमये पुढे सरसावला. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्या दिवसांत माझ्या अंगात वारं शिरलं होतं म्हणा ना! परदेशी मासिकं रद्दीच्या दुकानात मिळू लागली होती. त्यातल्या एका मासिकात मी चित्र पाहिलं, साध्या सायकलला बसवायचा विजेचा संच. मोटर, दोन बॅटऱ्या, मुठीला बटण. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून तो मागवला. पंच्याण्णवच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, मी स्वतः माझ्या हातानं तो एकनाथरावांच्या सायकलला बसवला. बटण दाबलं आणि सायकल पायडल न मारता चालू लागली! एकनाथराव वाचनालयाच्या अंगणात गोल फिरले आणि ओरडले, "हौ साहेब, ही तर घोडीच झाली की!" त्यांचं ते हसणं मला अजून दिसतं. त्या दिवशी मला जे वाटलं ते खरं होतं. पुढचं सगळं बिघडलं म्हणून तो दिवस खोटा ठरत नाही, असं मी स्वतःला सांगत असतो.

आता थोडं यंत्राबद्दल. कंटाळू नका, हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. त्या संचात मोटरला एक रबरी रोलर होता. तो मागच्या टायरला घासून चाक फिरवायचा. बॅटरी संपली की रोलर टायरवरून उचलून ठेवायचा. त्यासाठी एक खटका होता. खटका उचलला की ती पुन्हा साधी सायकल. पण त्या खटक्यामुळे आपली पुस्तकांची पेटी कॅरिअरवर बसेना. पेटी लहान करावी तर पुस्तकं कमी मावणार. मी काय केलं? करवत घेतली आणि खटका कापून टाकला. रोलर बोल्टनं टायरवर कायमचा आवळला. म्हटलं, बॅटरी आहे ना, उचलायची वेळ येतेच कशाला?

म्हणजे बॅटरी संपली की काय होणार, पाहा. सोळा किलोचा संच, वर पुस्तकांची पेटी आणि टायरवर दाबून बसलेला रोलर. ब्रेक लावून सायकल चालवण्यासारखंच ते. आणि शिशाची बॅटरी हैदराबादच्या उन्हात किती महिन्यांत किती उतरते, हे मला पाठ आहे. तो माझा धंदा आहे. त्यामुळे मला कळलं नाही, असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

मी एकनाथरावांना एक वही दिली होती. तारीख, किती किलोमीटर, तक्रार. दर शनिवारी ते वही आणून द्यायचे आणि मी खाली सही करायचो. वही माझ्याकडे आहे, ही पाहा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच मजकूर आहे. "गाडी उत्तम चालली. तक्रार निरंक." अक्षर सुरेख आहे. दोन वर्षं उत्तम, दोन वर्षं निरंक!

शहाण्णवचा मे महिना. दुपारी मी कारखान्याच्या बसमधून येत होतो. चादरघाटचा पूल ओलांडून बस चढावर आली आणि खिडकीतून मला एकनाथराव दिसले. पायडलवर उभे राहून सगळं अंग टाकत होते. दहा हात गेले असतील, मग उतरले आणि ढकलू लागले. शर्ट पाठीला चिकटलेला. एका हातानं हँडल आणि दुसरा हात गुडघ्यावर. बस सिग्नलला थांबली होती. दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं.

मंडळी, मी उतरलो नाही. मी मांडीवरचं वर्तमानपत्र उघडलं आणि तोंडासमोर धरलं.

का? कारण पुढच्या महिन्यात वाचनालयाचा वर्धापनदिन होता आणि त्या संचाबद्दल माझा सत्कार ठरला होता. याच मंचावर. पत्रिका छापून झाल्या होत्या. नामपल्लीच्या नुमाइशीत, त्या वार्षिक प्रदर्शनात, सायकल मांडायची बोलणी चालू होती. मी म्हटलं, सत्कार होऊन जाऊ दे, मग नवी बॅटरी बघू, खटका पुन्हा बसवू. त्या शनिवारी वही आली. "गाडी उत्तम चालली. तक्रार निरंक." मला माहीत होतं की हे खोटं आहे. मी त्याच्याखाली सही केली. ती ही सही. सोळाव्या पानावर आहे. नेहमीपेक्षा जरा मोठीच आली आहे.

सत्कार झाला. शाल मिळाली. एकनाथराव तेव्हाही खालीच होते, मागच्या भिंतीपाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग खटका बसवायचं राहून गेलं. राहून गेलं असं आपण म्हणतो, पण खरं सांगू? बसवायचा तर आधी तो कापला होता हे सांगावं लागलं असतं. दिलसुखनगरची बेचाळीस घरं वर्गणीदार झाली, वाचनालय तगलं, सगळे माझी पाठ थोपटू लागले. कोणत्या तोंडानं सांगणार?

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. "लिमये, आवरतं घ्या." प्रतापराव, आवरतं घेण्यातच मी दीड वर्ष काढलं. आज नका सांगू.

गेल्या महिन्यात या समारंभाचं आमंत्रण द्यायला मी एकनाथरावांच्या घरी गेलो. ते दवाखान्यात गेले होते. गंगूबाईंनी चहा केला. मी आपला औपचारिकपणे म्हणालो, "वहिनी, चार वर्षं नोकरी बाकी असताना एकनाथराव का सोडतायत? गाडी तर मोटरची आहे." त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "मोटर जायची दिलसुखनगरापत्तोर. यायचं त्यांच्या पायानंच की ओ. दीड वरीस झालं, रोज गुडघ्याला तेल लावायले मी. डॉक्टर म्हनायलेत, आतली गादीच झिजली."

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही? वहीत का नाही लिहिलं?"

तर म्हणाल्या, "मी म्हनलं त्याइला, लिवा की. तर म्हनले, साहेबांनी एवढ्या हौसेनं केलंय, त्यांचं मन कैकू मोडायचं. आन् लिवलं तर दिलसुखनगर बंद करतील. तिथली लेकरं आत्ताच कुठं वाचायलीत."

मला तो चहा संपवता आला नाही. आपण घरी आल्यागेल्याला सांगतो ना, अमक्याचे माझ्यावर फार उपकार आहेत? इथे एक माणूस माझी हौस मोडू नये म्हणून स्वतःचे गुडघे मोडत होता. आणि मी बसमध्ये वर्तमानपत्र वाचत होतो. उलटं धरलेलं असतं तरी कळलं नसतं.

आजच्या निरोपाच्या पत्रात कार्यकारिणीनं लिहिलं आहे, "प्रकृतीच्या कारणास्तव." त्याचा मसुदा मीच केला होता. तो चुकीचा आहे. प्रकृतीला काही झालेलं नाही. मी केलं. अध्यक्षमहाराज, ते वाक्य बदलावं आणि तिथे खरं कारण माझ्या नावानिशी लिहावं, अशी माझी विनंती आहे. इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.

आणि आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मला आजच बोलणं भाग होतं. कोपऱ्यात झेंडूची माळ घातलेली सायकल उभी आहे. एकनाथरावांच्या जागी येणारे नामदेवराव उद्यापासून तीच फेरी करणार आहेत, आणि माझ्या भाषणानंतर त्या नव्या सायकलची फीत कापायची, असं कार्यक्रमपत्रिकेत आहे. तिच्यावरचा संचही मीच बसवला. उन्हाळ्यात, गंगूबाईंकडे जाण्याआधी. आणि पेटी बसावी म्हणून तिचाही खटका मी कापला आहे. हो, तिचाही! चादरघाटावर जे पाहिलं ते पाहून झाल्यावर.

सुजाताताई, कात्री कृपा करून खाली ठेवा. ती फीत आज कापायची नाही. नामदेवराव, मी तुमच्या सायकलवरून तो संच आज इथेच उतरवणार आहे. पाना खिशात घेऊन आलो आहे. दिलसुखनगरच्या फेरीचं काय, असं कोणी विचारेल. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. तोपर्यंत दर रविवारी, आणि त्यानंतर रोज, दिलसुखनगरची पेटी मी नेईन. साध्या सायकलवर, पायडल मारत. मला गोष्टी सांगता येत नाहीत, पोरांनी सांभाळून घ्यावं.

काय? एकनाथराव काहीतरी म्हणतायत. जरा शांतता ठेवा. काय म्हणालात?

ते म्हणतायत, "बस करा साहेब, नक्को. बस चढावर थांबली होती, तवा मी बी तुम्हाला बघितलो होतो."



माफ करा. 

म्हणजे त्यांनी मला पाहिलं होतं. आणि त्या शनिवारी त्यांनी "उत्तम" लिहून वही माझ्यासमोर ठेवली. मला वाटत होतं, मी बसमधून पाहिलं हे फक्त मला ठाऊक आहे.

आणखी बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. सत्काराची शाल माझ्या हस्ते द्यायची असं ठरलं होतं. तो मान मला नको, तो अध्यक्षांनी घ्यावा, आणि खाली उतरून घ्यावा. सगळ्या मंचानंच खाली यावं. सहाच पायऱ्या आहेत, आपल्याला उतरता येतात.

आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवूनही माझा माईक बंद केला नाही, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात माझं काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं ते पोटात घालावं. वागण्यात जे झालं ते पोटात घाला असं मी एकनाथरावांना म्हणणार नाही. दीड वर्ष ते तेच करत आलेत.

मी खाली येतो.