सहा पट्टे, बारा पॅलेट

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष सेन्योरा तार्खेलिया ओरेयाना, मंचावर बसलेले आपल्या लाद्यांच्या कारखान्याचे व्यवस्थापक इंजिनियर ओर्दोन्येस, आजचे सत्कारमूर्ती एउदोरो किझ्पी मास्तर, त्यांच्याशेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी सेन्योरा इनोसेन्सिया, भट्टीवरचे आणि गोदामातले सहकारी, आणि मागे दाराशी घुटमळणारे माझे ड्रायव्हर बांधव! अरे, आत या. खुर्च्या रिकाम्या आहेत. आज इथे कुणी तुमचे पट्टे तपासणार नाही.

मी विल्मो तेनेसाका. आज ड्रायव्हर संघटनेचा चिटणीस म्हणून मला बोलायला सांगितलं आहे. इंजिनियरसाहेब मघाशी म्हणाले, मास्तरांनी एकतीस वर्षं माल चढवण्याच्या आवाराची धुरा सांभाळली. साहेब, एक दुरुस्ती करतो. तीस वर्षं आणि चार महिने. मधले आठ महिने मास्तर आवारात नव्हते. त्यामागचं खरं कारण या सभागृहात तिघांनाच ठाऊक आहे.

तेव्हा आपल्याकडे अजून सुक्रेच्या नोटा चालत होत्या. क्वेन्काहून ग्वायाकिलच्या बंदरावर जायचं, तर काखासचा डोंगर चढून मोयेतुरोचा उतार उतरायचा. धुकं असं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसू नये. तरी ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं. सकाळी सहाला आवारात गाड्यांची रांग लागायची, फाटकाजवळ दोन्या मिचे नावाची बाई गरम मोते, म्हणजे उकडलेला मका, आणि अंडी द्यायची, आणि रांगेच्या टोकाला हातात काठी घेऊन किझ्पी मास्तर उभे असायचे. त्या काठीनं ते माल आवळलेल्या प्रत्येक पट्ट्यावर टकटक करायचे. पट्टा ताणलेला असला की ठण्ण आवाज, सैल असला की नुसता थप्प. थप्प ऐकू आलं की गाडी रांगेबाहेर!

आम्ही त्यांना 'पट्टेवाला' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा मलाच म्हणाले, "पट्टेवाला तर पट्टेवाला. निदान तुमच्या आयांना रात्री झोप तरी लागते."

एका मंगळवारी त्यांनी माझी गाडी अडवली. बारा लाकडी पॅलेट, एकेकावर दीड टन लाद्या. तीन पट्टे कडेला चिरलेले, मागच्या दोन ओळींमध्ये वीतभर पोकळी, आणि पॅलेटखाली रबरी चटई नाही.

मी वैतागलो. "मास्तर, दीड टन आहे एकेक! दहा बैल जुंपले तरी हलणार नाही."

"बैल कशाला हवेत? तू ब्रेक मार. आपोआप निघेल."

"एवढं जड?"

"जड म्हणूनच. गाडीला तू थांबवतोस, विल्मो. मालाला कोण थांबवणार? आणि कायदाही तेच सांगतो. माल सुटला तर जबाबदार तू, आणि सही करणारा मी. उतरव सगळं."

तीन तास गेले. बंदरावरचा माझा नंबर हुकला, सगळे हसले. आणि त्या रागात मी जे केलं ते आज सांगतो आहे.

मी तक्रार लिहिली. किझ्पी मुद्दाम गाड्या अडवतो, असं लिहिलं. सतरा ड्रायव्हरांनी सह्या केल्या. त्यांना वाटलं, एवढंच आहे. सह्या झाल्यावर शेवटी रिकाम्या जागेत मी एक ओळ घातली: 'आणि गाडी सोडण्यासाठी हात ओले करायला लावतो.' ती ओळ खोटी होती, मंडळी. मास्तरांनी कुणाकडून कॉफीचा कपसुद्धा घेतला नव्हता.

चौकशी कसलीच झाली नाही. मास्तरांना आवारातून उचलून फुटक्या लाद्या निवडायला बसवलं. बातमी वस्तीत पसरली. दुकानात सेन्योरा इनोसेन्सिया आल्या की बायका गप्प व्हायच्या. रविवारच्या प्रार्थनेला त्या शेवटच्या बाकावर बसू लागल्या, आणि मग यायच्याच बंद झाल्या. मी हे रोज पाहत होतो. आणि गाड्या मात्र भराभर सुटत होत्या!

आठ महिन्यांनी, दुपारी दोनच्या सुमारास, मी मोयेतुरो उतरत होतो. शेजारी माझा थोरला भाऊ लिसार्दो. एका वळणावर दरड कोसळलेली, तिच्या अलीकडे प्रवाशांनी भरलेली बस उभी. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली. बसपासून दोन हातांवर थांबली. मला वाटलं, सुटलो.

माल थांबला नव्हता. पॅलेटची पहिली ओळ पुढची फळी फोडून केबिनमध्ये शिरली. मला खरचटलं. लिसार्दोचा उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

चौथ्या दिवशी इस्पितळात किझ्पी मास्तर आले. हातात इनोसेन्सियाबाईंनी केलेल्या कोंबडीच्या रश्शाचं भांडं. त्यांनी लिसार्दोला स्वतः चमच्यानं भरवलं. मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, ती तक्रार…"

"माहीत आहे. सहा वर्षं तुझ्या पावत्या तपासल्या. तुझं अक्षर मला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी उलट विचारलं, "पट्टे किती होते?"

"सहा."

"बारा पॅलेटच्या सहा ओळींना किती लागतात?"

आठ वर्षं गाडी चालवत होतो, मंडळी, आणि मला उत्तर येत नव्हतं.

"बारा," ते म्हणाले. "ओळीला दोन. तुला माहीत नाही, म्हणजे मी तुम्हाला कधी शिकवलंच नाही. नुसतं अडवलं." आणि खरं सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाया पडायला वाकलो, तर खांदा धरून म्हणाले, "माझी माफी मागू नकोस. इनोसेन्सियाची माग. बोलणी तिनं खाल्ली."

मग मी दुसरं पत्र लिहिलं. मास्तर आवारात परत आले. पण त्या पत्रात मी काय लिहिलं? 'गैरसमज झाला होता.' गैरसमज! खोटं बोललो, हे लिहायला माझा हात धजला नाही.

परत आल्यावर मास्तरांनी शनिवारची शाळा सुरू केली. तुमच्यातले बहुतेक त्याच शाळेत शिकले. फुटक्या लाद्यांचं एक पॅलेट न बांधता गाडीवर ठेवायचं, रिकाम्या आवारात सायकलच्या वेगानं गाडी न्यायची आणि ब्रेक मारायचा. सगळे हसत असायचे. मग ते पॅलेट हातभर सरकायचं आणि हसणं थांबायचं. त्यानंतर लिसार्दो कुबड्या टेकत पुढे यायचा आणि म्हणायचा, "आता चटई टाकून, दोन पट्टे आवळून तीच गंमत करा." पॅलेट जागचं हलायचं नाही. मग मोते, कॉफी, आणि रिकाम्या पॅलेटवर बसून संध्याकाळपर्यंत गप्पा. ते शनिवार गेले. लिसार्दोही गेला, तीन वर्षांपूर्वी. पण त्या शाळेतून निघालेल्या एकाही ड्रायव्हरचा माल आजवर सुटलेला नाही. मास्तरांनी अपघाताची गोष्ट शेकडो वेळा सांगितली. तक्रार कुणी केली, हे एकदाही सांगितलं नाही.

इंजिनियरसाहेब, हा कागद घ्या. यात ती ओळ खोटी होती आणि मी ती लिहिली, असं माझ्या सहीनिशी आहे. मास्तरांच्या कागदपत्रांत लावा. नाही मास्तर, बसा. आज तुम्ही मला अडवायचं नाही.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलायला वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, आपला ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेनं पदरात घ्यावं, असं म्हणायची रीत आहे. तेवढं सभेकडे मागतो. खरी माफी, सेन्योरा इनोसेन्सिया, तुमच्याकडे मागायची आहे. बावीस वर्षं उशीर झाला. तुम्ही आज लगेच काही बोलला नाहीत तरी चालेल. पण येत्या रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसा. शेवटच्या बाकावर मी बसेन.