अब्बांचा बदलीचा अर्ज

विद्यापीठाच्या बसमध्ये माझ्या पुढच्याच सीटवर बाप-लेक बसले होते. वडिलांच्या हातात अर्ज होता. मी भूगोलाचं पुस्तक उघडं धरलं, पण वाचतंय कोण!

"अब्बा, बदली कशाला मागताय?"

"नसरीन, उद्यापास्नं तू संगणक विभागात मॅडम. मी तिथला शिपाई. पोरं हसतील की तुला."

"हसू देत. विभागात पहिले चार कॉम्प्युटर आले, तेव्हा वरच्या मजल्यावर कुणी नेले?"

"मी. खांद्यावरनं."

"सर लोक हात लावायला भ्यायचे, तेव्हा रोज चालू कोण करायचं?"

"मीच की. पन मला नुसतं बटण ठावं हाय, बाळा."

"ते बटण मला कुणी दाखवलं?"

"रविवारी तुझी अम्मी कामाला जायची, म्हणून माझ्या ड्यूटीवर आणायचो तुला. त्यात काय एवढं?"

"अब्बा, उद्या माझा पहिला तास हाय. तुम्ही दुसऱ्या इमारतीत गेलासा, तर मी कुणाकडं बघू?"

वडिलांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

"तास कितीला हाय?"

"अकराला."

"मग धालाच जायला पायजे. तिसऱ्या रांगेतली दोन मशिनं चालू व्हायला लई वेळ घेत्यात."