डोक्यामागची उशी

...नाही, नाही, गाडी सात जणांची आहे, त्याबद्दल माझी तक्रारच नाही. कागदावर सात, विकणाऱ्यानं मोजून दाखवली सात, आणि पाहुण्यांना सांगताना तर आमचे हे आठसुद्धा सांगतात. पण त्या सात जणांच्या गाडीतून माझ्या एकट्या आईला दवाखान्यातून घरी आणायचं म्हटलं, तर तुम्हाला सांगते, माझा जीव असा काही टांगणीला लागला की आईच्या मानेचा पट्टा काढून माझ्याच गळ्यात घालायची वेळ आली होती.

आई राहते माझ्या भावाकडे. भाऊ चांगला आहे, भावजयही चांगली आहे, उगाच कुणाला नावं कशाला ठेवू? पण दोघं सकाळी कामाला जातात ते दिवे लागल्यावर घरी येतात, आणि दिवसभर आई एकटी. तर ती न्हाणीघरात घसरून पडली. पडली ती पडली, संध्याकाळपर्यंत तशीच फरशीवर. मान हलवता येईना. नंतर मला काय म्हणाली माहितेय? "काही नाही गं, छताकडे बघत पडले होते. ओल आलीय तिथं, भावाला सांग." आता या बाईला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

मी किती वर्षं म्हणतेय, आई, माझ्याकडे ये. पण नाही. "तुझ्याकडे तुझ्या सासूबाई आहेत. एका घरात दोन म्हाताऱ्या कशाला? त्यांना अडचण." या खेपेला मात्र दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाली, "बरं, येते." आणि आईचं बरं म्हणजे ओल्या साबणाची वडी. हातात आहे तोवर आपली, जरा सैल सोडली की गेली. म्हणून मला कसंही करून तिला त्याच दिवशी, त्याच गाडीतून, माझ्याच घरी आणायचं होतं. इतकंच. फार मागितलं का मी?

आदल्या दिवशी तिथल्या सिस्टरनं मला बजावलं. "मावशी, त्यांना पुढे नको, तिथं हवेची पिशवी तोंडावर फुटते; मागेच बसवा, आणि डोक्यामागे सीटची उशी हवी. घरातली उशी नाही, सीटचीच. तिचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत आला पाहिजे, निदान कानांच्या खाली तरी नको, आणि डोक्याला अगदी लागून हवी. गाडीनं मागून धक्का खाल्ला की डोकं मागे फेकलं जातं, आणि या मानेला ते परवडायचं नाही." मी म्हटलं, हो हो, सात जणांची गाडी आहे आमची. आणि जिन्यात येऊन कपाळाला हात लावला. कारण आमच्या गाडीत मागच्या एकाही सीटला उशी नाही. सगळी गाडी टकली.

का? तर गाडी आली त्या दिवशी हे आरशात बघून म्हणाले, "छे, या उशांमुळे मागचं काही दिसत नाही." आणि बटण दाबून पाचच्या पाच उशा उपटल्या, मुळे उपटावेत तशा. मी म्हटलं, अहो, कंपनीनं काहीतरी विचार करूनच लावल्या असतील ना? "अगं, सोपं असतं, बटण दाबायचं की निघते, दाबायचं की बसते. लागतील तेव्हा बसवू." लागतील तेव्हा. म्हणजे कधी? मागून ट्रक येताना दिसला की?

बरं, काढल्या त्या जागेवर तरी राहतील? आमच्या घरात वस्तू रिकामी बसलेली कुणाला बघवत नाही. दोन छोट्या, शेवटच्या रांगेतल्या, माळ्यावर गेल्या. एक स्वयंपाकघराच्या दाराला अडसर म्हणून लागली, दार वाऱ्यानं आपटतं म्हणून. एक गॅलरीत गेली, हे तिच्यावर बूड टेकून झाडांना पाणी घालतात. आणि पाचवी सासूबाईंनी घेतली. टीव्ही बघताना पाय सुजतात ना, तर स्टुलावर उशी आणि उशीवर पाय. खोटं कशाला बोलू, इतकी बेताची उंची की मीही म्हटलं असू दे.

तर त्या रात्री मी घरभर उशा गोळा केल्या. चार पिशवीत घातल्या. पाचवी सापडेना. सासूबाईंना विचारलं तर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "असेल कुठंतरी. मला काय विचारतेस." मी म्हटलं जाऊ दे, चार आहेत, आईला डोकं एकच आहे.

सकाळी निघालो. मी, हे, आणि सासूबाई. हो, सासूबाईसुद्धा. "विहीणबाईंना आणायला मी नको का? लोक काय म्हणतील?" आणि बसल्या पुढे, कारण मागे त्यांना मळमळतं. मी म्हटलं असू दे, गाडी सात जणांची आहे.

दवाखान्याच्या आवारात पोचलो तर भाऊ तिथं आधीच हजर. आणि त्यानं आणली होती फळी. आईची झोपायची फळी. डॉक्टर म्हणाले कडक अंथरूण पाहिजे, आणि आईला दुसऱ्या कुठल्या कडकपणावर झोप येत नाही, तिला तीच फळी लागते. माणसापेक्षा लांब. शिवाय एक वॉकर. भाऊ म्हणाला, "ताई, मावेल ना? नाहीतर राहू दे, मी आईला परत माझ्याकडेच नेतो, फळी काय तिथलीच आहे." त्याच्या मनात काही नव्हतं, काळजीनंच बोलला. पण चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आईनं ते ऐकलं आणि तिच्या तोंडावर ते आलं... ते 'नकोच मग'. मी ओळखते ते तोंड. मी म्हटलं, मावेल. सात जणांची गाडी आहे.

यांनी बाह्या सरसावल्या. "सोपं असतं. पट्टी ओढायची की सीट आडवी." ओढली. सीट अर्धी वाकली आणि थांबली. हे वर ढोपर घेऊन चढले. मी म्हटलं, अहो, पुस्तकात काही लिहिलेलं असेल. "पुस्तक कशाला लागतं? अक्कल लागते." म्हटलं, तेच तर म्हणतेय. मग भावानं वाकून बघितलं, तर पट्ट्याचं बक्कल सीटच्या सांध्यात अडकलेलं. ते काढायला यांनी आत बोटं घातली, आणि त्याच वेळी वरून सीट आली. आवाज असा काही काढला की दवाखान्याच्या खिडकीतून दोन पेशंट उठून बसले. सिस्टर धावत आली, आणि आधी यांचं बोट बघितलं. काही मोडलं नव्हतं. मग म्हणाली, "काका, आधी पट्टे बाजूला घ्यायचे, पुढची सीट पुढे सरकवायची, हात सांध्यातून लांब, आणि मग पट्टी ओढायची. आणि आडवी झाली की दाबून बघायचं, नीट बसली का." हे म्हणाले, "तेच करत होतो." तेच करत होते म्हणे!

तर शेवटची रांग आडवी, आणि मधल्या रांगेतला मोठा भाग, दोन जणांचा, तोही आडवा. फळी आत गेली, वॉकर आत गेला, सिस्टरनं दोन्ही दोरीनं बांधून घेतले, म्हणाली ब्रेक लागला की हे सगळं पुढे येतं. मधल्या रांगेत राहिली एकच सीट उभी, आईची. टकली.

आता उशी. यांनी पिशवीतून पहिली काढली, माळ्यावरची. घातली तर दांड्या बारीक आणि भोकं मोठी, खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. सिस्टर म्हणाली, "ही मागच्या सीटची." दुसरीही तसलीच. तिसरी, दाराच्या अडसराची, तर तिच्या दांड्या दार आपटून आपटून फाकलेल्या, एक आत तर दुसरी बाहेर. हे बूट काढून ठोकायला निघाले. मी म्हटलं, अहो, ती मान आहे, खुंटी नाही. चौथी गॅलरीतली. ती गेली हो आत. माझा जीव भांड्यात पडला. वर ओढली, उंचीला आली, मी म्हटलं झालं एकदाचं... आणि सिस्टरनं वरून एक हात दाबला तर उशी सर्र करून खाली. रोज पाणी पिऊन पिऊन गंजली होती, खटका धरतच नव्हता. "टक्क आवाज आला पाहिजे, मावशी. आवाज नाही तर ती धरलेली नाही. अशी मी पेशंट सोडणार नाही." आणि शिवाय यांनी ती उलटी घातली होती, पोट मागे आणि पाठ पुढे. आता त्याचं काय बोलायचं.

हे म्हणाले, "अहो सिस्टर, हळू चालवेन की." सिस्टर म्हणाली, "तुम्ही हळू चालवाल, काका. मागचा?"

भावानं घड्याळ बघितलं. "ताई, माझ्या गाडीला आहेत उशा. तुझ्याकडे यायला आता वेळ नाही, माझ्याकडेच नेतो आईला, पुढच्या महिन्यात बघू." आणि आई लगेच, "हो गं पोरी, जाऊ दे, कशाला सगळ्यांना त्रास. मला काय, कुठंही पडून राहीन." कुठंही पडून राहीन. फरशीवरसुद्धा, छताकडे बघत. मला इतकं भरून आलं, आणि मला भरून आलं की मी रडत नाही, ओरडते, हे सगळ्या गल्लीला माहितेय. मी ओरडले, "पाचवी उशी कुठंय?"

आणि पुढच्या सीटवरून सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे आहे."

कुठं? पायाखाली. घरातून पिशवीत लपवून आणली होती आणि सबंध रस्ता पाय ठेवून बसल्या होत्या तिच्यावर. मला काय वाटलं असेल सांगा? मी तोंड उघडणार, तेवढ्यात बघते तर त्यांचेच डोळे भरलेले. "अगं, द्यायची नाही असं नाही. पण इतके दिवस माझे पाय आहेत त्याच्यावर. विहीणबाईंच्या डोक्याखाली ती कशी देऊ? पहिल्यांदा घरी राहायला येतायत त्या. मला लाज वाटली."

म्हणजे बघा. मी आयुष्यभर सासूबाईंशी भांडायला कंबर कसून तयार, आणि त्या दिवशी भांडायला काही उरलंच नाही.

आईला मान वळवता येईना, म्हणून तिनं खुर्चीच वळवून घेतली. म्हणाली, "द्या हो विहीणबाई. तुमचे पाय काय आणि माझं डोकं काय, दोन्ही एकाच भावात गेलेत आता." सासूबाई हसल्या, आई पट्ट्यातल्या पट्ट्यात हसली, सिस्टर म्हणाली हसू नका, मान हलते. उशी घातली, पोट पुढे, पाठ मागे. टक्क. आईला बसवलं, उशी वर ओढली, डोक्याच्या टोकाशी आणली. पुन्हा टक्क. सिस्टरनं दाबली, हलेना. सीटची पाठ सरळ केली, डोकं उशीला लागलं, पट्टा लावला. भाऊ आईच्या पाया पडला आणि कामाला पळाला.

आणि मग माझ्या लक्षात आलं. चालवायला हे. पुढे सासूबाई. मध्ये आई. बाकी फळी. मी म्हटलं, मी फळीवर बसते. तर सिस्टरनं माझ्याकडे असं बघितलं, आणि खरं सांगते, मला माझंच तोंड दिसलं तिच्यात. पट्टा नाही, उशी नाही, आडव्या सीटवर माणूस बसवायचा नाही. मीच तर सकाळपासून सगळ्यांना हेच ऐकवत होते. हे काच खाली करून म्हणाले, "अगं, बस आहे की. सोपं असतं." आणि गेली माझी सात जणांची गाडी, तीन माणसं घेऊन, माझ्या डोळ्यांदेखत.

बसमध्ये उभी राहून आले. काखेत पिशवी, पिशवीत चार उशा. कंडक्टर म्हणाला, "बाई, घर बदलताय का?"

घरी येऊन पायरीशी बघते तर गाडी उभी, आणि मधली सीट टकली. मी म्हटलं, उशी कुठंय? हे म्हणाले, "अगं, सुखरूप आणलं ना? येताना आरशात मागचं काही दिसत नव्हतं." बोलायचं बळ बसमध्येच उतरून गेलं होतं.

आत गेले. टीव्ही चालू. आई फळीवर, पाठीला टेकू लावलेला, मानेला पट्टा, आणि शेजारी खुर्चीत सासूबाई. मध्ये स्टूल. स्टुलावर उशी. उशीवर एक पाय सासूबाईंचा, एक पाय आईचा. आई म्हणते कशी, "पोरी, उंची अगदी बेताची आहे गं याची."

मी खाली बसले. उद्या सगळ्या नीट करून आणायच्या, पाचवी परत गाडीत लावायची, आठवड्यानं तपासायला पुन्हा दवाखान्यात जायचंय... सगळं करायचंय. पण उद्या. मी त्या दोघींचे पाय जरासे बाजूला सारले आणि मधल्या जागेत डोकं टेकलं. डोक्यासाठीच केलेली ना ती.