दोघांचा ताप

औरंगपुऱ्यात हार्टच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. आत दाखवून आलेले नवरा-बायको शेजारी टेकले.

“ऐकलं का गं? व्हायरसनंबी रक्ताच्या नसा कडक होत असतील, म्हणले. म्हंजी बिडीचा दोष नाय!”

“‘असतील’ म्हणले. बिडी सोडा, हे मात्र पक्कं म्हणले.”

“पण उन्हाळ्यात व्हायरल ताप आलता की मला. पंधरा दिवस पडून व्हतो.”

“मलाबी आलता. दुसऱ्या दिवशी टँकर आला, मग उठले.”

“मग तुझ्या नसा?”

“मला काय धाड भरली? नव्या बिल्डिंगीत नळ हाय, पाणी नाय. रोज तीन मजले हंडे चढवते की.”

“चढताना छातीत कळ येती का कधी?”

“दुसऱ्या मजल्यापर्यंत नाय येत.”