याह्या म्हणजे जगतो

— नाही हो ताई, मी रांग नाही मोडत, नुसती उठले. बसवतच नाही. खिडकीवरचे साहेब जेवायला गेले ते गेलेच — जेवतायत की स्वयंपाकच मांडलाय कोण जाणे! तुमची मुलगी? वा. आमचा नातू. दोन महिने आधीच आला, वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे, मुठीएवढा जीव. मुलगा-सून तिथून हलत नाहीत, म्हणून नाव नोंदवायला मला धाडलंय. काय नाव म्हणताय? तेच तर — याह्या. सकाळी मुलाने सांगितलं, वर मलाच विचारतो, "अम्मी, अर्थ माहीत आहे ना?" मी म्हटलं, नाही रे बाबा, मी शिवणकाम करणारी बाई, मला काय कळतंय.

खोटं बोलले. न कळायला काय झालं? मौलवीसाहेबांनी समोर बसवून सांगितला होता अर्थ. झकरिया म्हणून पैगंबर होते, म्हातारे, केस पिकलेले, घरात मूल नाही — हळू आवाजात दुआ मागितली, तर वरून खबर आली, मुलगा होईल, नाव याह्या, आणि हे नाव याआधी कुणालाच दिलेलं नाही. म्हणजे बघा, आईबापांनी ठेवलेलं नावच नाही ते, वरूनच आलेलं. ख्रिस्ती लोक त्यालाच योहान म्हणतात, तिकडे अर्थ देवाची कृपा असा काहीतरी लावतात. आणि अरबीत? 'जगतो.' नुसतं क्रियापद! येतो, जातो, जेवतो, तसं जगतो. तेव्हाच विचारायला हवं होतं मी — किती दिवस जगतो?

चार दिवस... माझा पहिला. चारच दिवस होता. हे तुम्हाला कशाला सांगतेय मी — छत्तीस वर्षांत शेजारणीला सांगितलं नाही. मौलवीसाहेबांशी भांडायला गेले होते, ओली बाळंतीण, पायात चप्पल नाही. "तुम्ही म्हणालात जगतो!" बिचारे मान खाली घालून म्हणाले, "बेटी, किती, ते नावात नसतं." आणि त्या झकरियांच्या याह्यालाही राजाने मारलं म्हणतात, ते सांगतं का कुणी नाव सुचवताना? मग हा धाकटा झाला, त्याला मी एक अक्षर कळू दिलं नाही. आणि आता पेटीतल्या त्या जिवाला तेच नाव? माझ्याच हाताने? नाही लिहिलं मी. हे बघा — सलीम लिहिलंय. सलीम म्हणजे सुखरूप. चांगलं आहे की! एकदा शिक्का बसला की बसला, मग म्हणेन, म्हातारीची चूक झाली. असं बघू नका हो माझ्याकडे.

थांबा, त्याचाच फोन. — हं, बोल. बाळ कसंय? दूध घेतलं? बरं... नाही, दिला नाही फॉर्म अजून, साहेब नाहीत... काय? कुणी सांगितलं तुला? अब्बांनी? कधी?... हो. हो, चारच दिवस... नाही रे, रडत नाहीये, इथे गर्दी आहे. ठेव आता.

— त्याला माहीत होतं, ताई. बापाने जाण्याआधी सांगितलं होतं. पाच वर्षं पोटात ठेवून बसलाय पोरगा! सकाळी अर्थ विचारला, तो मी तोंड उघडावं म्हणून. म्हणतो, "भाईजानचं नाव आहे, अम्मी. घरात पुन्हा ऐकू येऊ दे." भाईजान म्हणाला! चार दिवसांचा पिटुकला माझा, आणि हा चौतीस वर्षांचा घोडा त्याला भाईजान म्हणतो... मी सोडून त्याचं कुणी होतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

आले वाटतं. साहेब, एक कोरा फॉर्म द्या — हा चुकलाय. हो, माझ्याच हातून. — पेन आहे का, ताई? नको, तुम्ही नका लिहू, येतं मला. तुम्ही जरा तिकडे सरका बघू, उजेड अडवताय माझा.